हातभर पिंपळ

२७ जानेवारी २००४, मंगळवार

रात्री झोपले न्हाई. बाईंचं झाड पानं टाकून राहिलं. काल दिवस मावळताना सतरा पानं होती, मी मोजली होती. सकाळी बघते तर नऊ. रात्रभर एका अंगाला माझा लेक जळबा आन् एका अंगाला कुंडी घेऊन पडले. पान पडल्याचा आवाज होत न्हाई, तरी मला ऐकू यायचा.

बाईंनी ही वही दिली तवा म्हनल्या होत्या, "जनका, रोज दोन वळी लिही. पानी कवा घातलं, पान कसं हाय. तुझं लिहिनं बी सुटनार न्हाई." महिना झाला, एक वळ लिहिली न्हाई. आता भ्या वाटून राहिलं म्हनून लिहायला बसले.

बाई म्हनजे सत्यशीलाबाई, कळमनुरीच्या रिटायर मास्तरीन. आई गेल्यावर मी आन् माझा भाऊ हनुमानदादा त्यांच्या मागच्या खोलीत ऱ्हायचो. मी त्यांची भांडी घासायचे, त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं. त्या लेकीच्या बाळंतपनाला नागपूरला गेल्या, पाडव्याला येनार. जाताना झाड माझ्या हवाली केलं. "शेजारचे पानी घालून घालून मारतील. तू नेमाची हायेस."

झाड बावीस वर्सांचं हाय, माझ्याच वयाचं. पन उंची हातभर. पसरट कुंडीत बसलंय, खोड माझ्या मनगटायेवढं, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळलेली. खरा पिंपळ हाय. संडासाच्या भिंतीत उगवला होता, तिथून बाईंनी काढला म्हने.

मेलं तर मी बाईंना तोंड कसं दाखवू.

२९ जानेवारी

बाईंनी पयल्या पानावर सगळं लिहून दिलंय. दादाच्या दुकानाचा नंबर बी त्यांनीच वर लिहिलाय. पुन्हा वाचलं.

"बोट खुपसून बघ. पेरभर माती कोरडी लागली तरच पानी. हिवाळ्यात पानं गळतील, घाबरू नको. नखानं साल खरवडून बघ, आत हिरवं असलं तर जिवंत हाय. मार्चात तार काढ, उलगडू नको, तुकडे करून काढ. हे घरातलं झाड न्हाई, उघड्यावर ठेव."

शेवटचं माझ्याकडून झालं न्हाई. पयल्याच दिवशी आंगनात ठेवलं, तर एका पाठीनं, म्हनजे शेळीच्या पिल्लानं, दोन पानं अन् एक कोंब खाल्ला. मेंढरावाल्याचं घर, आंगनात बारा शेळ्या. ह्यो पिंपळ कुठं ठेवू? म्हनून आतल्या खोलीत आनला. तिथं जळबा असतो.

जळबाला आमी बाहेर काढत न्हाई. आमची पयली पोरगी पाच महिन्यांची होऊन गेली. ताप आला, चौथ्या दिवशी नांदेडला नेली, पाचव्या दिवशी कापडात बांधून आनली. आत्या, म्हनजे माझ्या सासूबाई, म्हनतात दवाखान्यानं खाल्ली आन् त्याआधी लोकांच्या नजरेनं. म्हनून जळबा झाला तवापासून आतल्या खोलीत. खिडकीला पोतं लावलंय. दीड वर्साचा झाला तरी गावात कोनाला त्याचं तोंड धड ठाऊक न्हाई. 

८ फेब्रुवारी

सगळी पानं गेली. नुसत्या काड्या ऱ्हायल्या. नखानं खरवडलं, आत हिरवं दिसलं. हिरवंच हाय ना? खोलीत उजेड कमी. चिमनी जवळ धरून बघितलं. हिरवंच हाय.

आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "वाळक्या काटकीला काय चिमनी दाखवतीस वं? तिची आरती करतीस का?"

जळबाचं डोकं झोपेत घामानं भिजतं, उशी वली होते. थंडीत बी. मनगटं जाड झालीत. आत्या म्हनतात, "हाडापेरानं दांडगा हाय, पैलवान होनार." पन पैलवान उभा काहून ऱ्हात न्हाई? कडेवर घेतला की पाय मऊ लागतात, बाकदार.

ह्यांना सांगावं तर हे मेंढरं घेऊन आदिलाबादकडं गेलेत. दिवाळीनंतर गेले, आता जेठात येतील.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज पोलिओचा डोस होता. शीतल सिस्टर घरात आल्या. आत्या म्हनल्या लेकरू झोपलंय. सिस्टर म्हनल्या, "आजी, झोपलेल्याच्या तोंडात बी दोन थेंब जातात," आन् शिरल्या आत. पोतं बाजूला केलं. जळबानं डोळे गच्च मिटले.

सिस्टरनी त्याचं मनगट धरलं, बरगड्यांवर बोट फिरवलं, दात बघितले. तीनच दात हायेत.

"किती दिवस झाले ह्याला अंधारात ठेवून?"

मी जळबाचं झबलं खाली वढलं.

"हा मुडदूस हाय. हाडं कच्ची ऱ्हायली. नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखव, औषधानं बरा होतो. तवर रोज उघड्या अंगानं उन्हात बसव. ऐकू आलं का?"

चिठ्ठी लिहून दिली. गेल्यावर आत्या म्हनल्या, "मुडदूस तर मुडदूस. मला का ठाऊक नव्हतं? मुडदुसाला डाग देतात. चिठ्ठी कशाला पायजे?"

मामा, म्हनजे सासरे, बाजंवर बसून बिडी वढत होते.  नुसतं जळबाकडं बघत ऱ्हायले. त्यांचा जीव हाय त्याच्यावर. रोज सांजच्याला खिशातून शेंगदाना काढून त्याच्या मुठीत ठेवतात आन् म्हनतात, "उठ रं वाघा."

२५ फेब्रुवारी

मामांनी कोकराला डाग दिला. मागचे पाय वढत होतं. चुलीत सळई लाल केली, मांडीवर दोन, पाठीवर एक. मामांचा हात एकदम बराबर चालतो, गावात कोनाचं बी जनावर आडलं की "ज्ञानबाला बोलवा" म्हनतात. कोकरू वरडलं तसं खोलीतून जळबा वरडला.

सांजच्याला कोकरू उठलं. चार पावलं चाललं.

आत्या माझ्याकडं बघून म्हनल्या, "बघ."

मी बघितलं. मला खोटं लिहायचं न्हाई. मला बी वाटलं, उठलं की.

२ मार्च

बाईंनी लिहिल्यापरमानं तार काढली. ह्यांची पक्कड घेतली. तार फुगलेल्या सालीत रुतली होती, चार ठिकानी खाच पडली. हळूहळू तुकडे केले. सगळे तुकडे मामांनी उचलून कापडात बांधले. "तांबं हाय, कामाला येतं."

येवढं तांबं झाडावर कशाला घालतात म्हनून त्यांनी इचारलं. मी सांगितलं, वाढ वळवायला, झाड बारकं ठेवायला. मुळं बी छाटतात.

"बारकं ठेवायला?" मामांनी दोनदा इचारलं. "पिंपळाची वाढ बांधून ठेवली?"

"व्हय मामा."

"आन् ते लेकराच्या उशाला ठेवलं."

 आता वाटून राहिलं, काई बोलायलाच नव्हतं पायजे.

५ मार्च

गावातल्या मारुतीपुढच्या पिंपळाला तांबडी पालवी आली. आमच्याला काईच न्हाई. हिरवं हाय का बघायला आता खरवडायला जागा ऱ्हायली न्हाई.

"उघड्यावर ठेव" हे बाईंनी खाली रेघ मारून लिहिलंय. आज ठरवलं, शेळ्या असू द्या न्हाईतर वाघ असू द्या. शेळ्या रानात गेल्या की कुंडी मागच्या भिंतीपाशी ठेवायची. पन एखादी शेळी घरी ऱ्हातेच, राखन पायजे. आत्यांना म्हनले, "मी झाडापाशी बसते, जळबा एकटा रडल, त्याला मांडीवर घेते."

"त्याला कशाला उन्हात?"

"मग तुमी बसा झाडापाशी."

त्यांना झाडाला हात लावायचा न्हाई. म्हनल्या, "बस बाई. पन तोंडावर पदर घाल त्याच्या."

पदर तोंडावर घातला. अंग उघडंच ठेवलं.

७ मार्च, धुळवड

पोरं रंग घेऊन मागं आली. जळबाला बघून "हा कोन?" म्हनली. एकानं त्याच्या पायाला हिरवा रंग लावला. तो हासला. आत्या धावत आल्या, पोरांना शिव्या, मला शिव्या, मग मीठ-मोहरी ववाळली.

रोज बसून राहिले. सकाळची न्याहारी झाली की वरचं ऊन येईस्तवर. तो कुंडीतली माती उकरतो. मी रागवत न्हाई. रात्री आता कमी रडतो.

११ मार्च, गुरवार

फुटलं!

सगळ्यात वरच्या काडीला टोकावर तांबडं टोक. मला वाटलं रंगच लागला पोरांचा. वल्या बोटानं पुसलं, न्हाई गेलं. मग बघते तर तीन ठिकानी. एक तर तार रुतली होती त्या खाचेजवळच.

मी वरडलेच. "मामा! आत्या! झाड जित्तं हाय! फुटलं!"

दोघं आले. मामांनी वाकून बघितलं. आत्यांनी जळबाचा पाय हातात घेतला आन् दाबून बघितला. कोनी हासलं न्हाई.

आत्या म्हनल्या, "महिनाभर काटकी होती. ह्या पोरानं माती उकरली, मांडीवर घेऊन बसली ही, आन् आता ते फुटलं. कुठून आलं त्याच्यात बळ?"

"आत्या, पिंपळ फागनात फुटतोच. मारुतीचा बी फुटला."

"मारुतीच्याला कोनी बांधून ठेवलं न्हाई."

मामांनी त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग सावकाश म्हनले, अगदी मायेनं म्हनले, "जनका, तुझी चूक न्हाई पोरी. तुला ठाऊक नव्हतं. पन वाढ तारेनं बांधली, तर तारेनंच सोडवावी लागल. आवसेला देऊ डाग. मी देतो. माझा हात चुकत न्हाई."

त्यांनी तांब्याचे तुकडे त्यासाठी ठेवलेत. मीच काढले ते. मीच हातात दिले.

आवस शनिवारी हाय, वीस तारखेला.

१२ मार्च

ते कोकरू मेलं. मांडीच्या डागात पू झाला होता, माशा बसत होत्या. चार दिवस उठलं न्हाई. मी मामांना म्हनले, "डाग दिलेलं मेलं की."

"त्याचं आयुष्य तेवढंच होतं."

"मग जळबाचं?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की जनू मीच त्याला मारून राहिले. डोळ्यात पानी आलं त्यांच्या. "तुझी पयली मी दवाखान्यात नेली. माझ्या ह्या हातानं. न्हाई म्हनलो असतो तर असती. आता पुन्हा न्हाई नेनार."

ती चौथ्या दिवशी नेली होती. ते मी बोलले न्हाई. मामा तवा रात्रभर तिला छातीशी धरून जीपमधी बसले होते.

१४ मार्च, रविवार

दळन आनते म्हनून निघाले. जळबाला पाठीशी बांधला. वारंगा फाट्यापर्यंत चालत गेले, दीड कोस असल. ऊन लागलं. फाट्यावर एसटीडीत गेले, दादाच्या दुकानाचा नंबर लावला. दादा नांदेडला टायरच्या दुकानात हाय, शेठच्या फोनवर निरोप देतात. नुसती घंटी वाजून राहिली. पाच येळा लावला.

बूथवाला म्हनला, "अक्का, आज इतवार हाय. दुकान बंद असल."

मला वार ध्यानात न्हाई आला. रोज वहीत तारीख लिहून राहिले आन् वार ध्यानात न्हाई आला.

नांदेडची गाडी हुभी होती. पदराला अकरा रुपये होते. कंडक्टरला इचारावं म्हनून पुढं झाले तर मागून हाक आली. आमच्या गावच्या रतनसिंगची काळी-पिवळी जीप, आन् पुढच्या सीटवर मामा. बूथवरून कोनीतरी सांगितलं असल.

मामा रागावले न्हाईत. उतरून जळबाला माझ्या पाठीवरून सोडवला, घाम पुसला. मला उसाचा रस पाजला. रतनसिंग म्हनला, "वहिनी, दळनाचा डबा कुठाय? गिरनी नांदेडात हाय व्हय आपली?" सगळे हासले. जीपमधल्या बायका बी हासल्या.

मी बी हासले. न्हाई हासले असते तर रडले असते.

१६ मार्च

जळबा आता आत्यांपाशी झोपतो. मी पाजायला घ्यायची, पाजलं की परत. झाडापाशी मला एकटीला बसायला सांगतात. म्हनजे सांगत न्हाईत, पोरगं देतच न्हाईत.

झाडाला सात पानं आलीत. पातळ, तांबडी, उजेड आरपार जातो. बाईंनी असलं पान मला कधी दाखवलं असतं तर मी नाचले असते. आता एकेक पान फुटलं की आत्या जळबाचा पाय दाबून बघतात. तोडून टाकावी वाटली सगळी. हात लावला बी. मग म्हनले, पानं तोडली तर मामा म्हनतील आता झाड जळबाचं अजून बळ वढनार.

आन् त्यांचंच खरं निघालं तर? मला सातवी येते, त्यांना जनावरं येतात. पन्नास वर्सं मेंढरं वाढवली त्यांनी. मी एक लेकरू वाढवलं न्हाई.

पन सिस्टर म्हनल्या बरा होतो. औषधानं बरा होतो म्हनल्या. "होईल" म्हनल्या न्हाईत, "होतो" म्हनल्या. त्यांनी असली लेकरं बघितली असतील तवाच म्हनल्या ना?

१८ मार्च, गुरवार

मामा म्हनले, डाग द्यायच्या आधी झाड घरातून गेलं पायजे. ज्याचं त्याला पोचव. रतनसिंग उद्या सकाळी कळमनुरीला जानार हाय, त्याच्या जीपवर ठेवू.

"बाई पाडव्याला येनार. घराला कुलूप असल."

"शेजारी कोन हाय?"

"पुनमचंद शेठचं किराना दुकान."

"तिथं ठेवल तो."

रतनसिंग आला होता. मी चहा देताना म्हनले, "भाऊजी, कुंडी आडवी करू नका. आन् संगं एक वही हाय, ती शेठच्या हातात द्या."

"वही कशाला? झाडाचा सातबारा हाय का?"

"पानी कवा, किती घालायचं ते लिहिलंय. न्हाई घातलं तर दोन दिवसांत मरतं."

मामा म्हनले, "दे, दे. बाईंचं झाड हाय, मरू नये." मामांना कोनाचंच काई मरावं वाटत न्हाई.

रतनसिंगला खरं सांगावं म्हनून तोंड उघडलं होतं. पन तो मामांचा मानूस, त्याच्या बी पोटावर लहानपनीचे तीन डाग हायेत. सदरा वर करून दाखवतो लोकांना. "मी न्हाई का जगलो?" म्हनतो.

मला जळबाला घेऊन निघता येत न्हाई. जळबाला टाकून मी निघनार न्हाई. ह्या घरातून आता एकच गोष्ट बाहेर जाऊन राहिली आन् ती पिंपळ हाय.

१९ मार्च, शुक्रवार सकाळी

जीप आली. पटपट लिहून राहिले, चुकलं तर माफ करा. आत्या जळबाला घेऊन दारात उभ्या हायेत, त्यांना वाटतं मी पान्याचं लिहिते. वहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "झाडाला पानी घालायच्या आधी हे वाचा."

पुनमचंद शेठ, न्हाईतर शेठच्या दुकानात जे कोन असल ते, ही वही वाचून हासू नका. मी येडी न्हाई. मामा वाईट मानूस न्हाईत, पोलीस नको. उद्या शनिवारी दिवस मावळायला माझ्या जळबाला तांब्याची तार लाल करून डाग देनार हायेत. तार मी लपवली तर सळई हाय. तो वीस महिन्यांचा हाय. त्याला औषधानं बरं होनारा आजार हाय, सिस्टरची चिठ्ठी ह्याच पानात घातली हाय.

बाईंची वाट बघू नका, बाई पाडव्याला येनार, तो परवा हाय.

माझ्या भावाला फोन करा. हनुमान, टायरच्या दुकानात काम करतो. नंबर पयल्या पानावर वर बाईंच्या अक्षरात हाय. आज शुक्रवार हाय, दुकान उघडं असल, मी वार दोनदा बघितला. टायरवाल्या शेठनं फोन उचलला तर म्हना, हनुमानला हातातलं काम टाकून बोलवा. त्याला म्हना, जनकाला घ्यायला ये, गाडी घेऊन ये, आजच ये. पयलीच्या येळेला चार दिवस लागले होते तसं करू नको म्हना.

आन् झाडाला पानी घाला. बोट खुपसून बघा, पेरभर कोरडं लागलं तर. पन ते मागून. आधी फोन करा.